कोरियनमध्ये मी आप्पांना व्यापारी केलं

ज्यांच्या कष्टावर आपण शिकतो, त्यांचंच काम सांगायची लाज का वाटते?

मी विद्यापीठात कोरियन भाषा आणि संस्कृती शिकते. घरातली पहिली पदवीधर. सध्या सुट्टीत वाशीला आलेय. मागच्या महिन्यात वर्गासाठी कुटुंबाची ओळख करून देणारा व्हिडिओ केला होता. कोरियनमध्ये वडिलांबद्दल फार आदरानं बोलावं लागतं. ते छान जमलं म्हणून बाईंनी कौतुक केलं.

आज दुपारी वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, डबा घेऊन धान्यबाजारातल्या अडत्याच्या गाळ्यावर गेले. आप्पा तिथं हमाली करतात. त्यांनी सोबतच्या सगळ्या हमालांना गोळा केलं आणि मला तो व्हिडिओ लावायला सांगितला.

"पोरगी शिव्या तर देत न्हाय ना रं तुला?" भागवतकाका म्हणाले. सगळे हसले.

"माझं काम कुठं सांगितलंस?" आप्पांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. "ऐका, हे आपल्या हमालीबद्दल हाय."

बाईंनी कौतुक केलेल्या त्याच वाक्यात मी 'माझे वडील धान्याचे व्यापारी आहेत' असं म्हटलं होतं.

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर खरं सांगितलं. आप्पांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "डबा झाकून ठेव," एवढंच म्हणाले आणि पोतं उचलायला गेले.

मी तिथंच पोत्यांच्या थप्पीपाशी उभी राहून नवा व्हिडिओ केला. माझे वडील हमाल आहेत, असं त्यात सांगितलं. आधीचा खोटा होता, हे लिहून हा नवा बाईंना पाठवला आहे.