कमलअक्काची हवेची गादी

अक्काचा दहावा अजून व्हायचा होता आणि यावलहून एका बाईचा फोन आला. आधी अक्काबद्दल दोन शब्द बोलली, मग जरा घुटमळून म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण... गादी मोकळी झाली का? आमच्या सासूबाई महिन्याभरापासून अंथरुणावर पडून शेत." घर पाहुण्यांनी भरलेलं. मला आधी राग आला आणि लगेच हसूही आलं. कमलअक्का असती तर तिने माझ्या हातून फोन ओढून घेतला असता आणि विचारलं असतं, "कुशीवर वळवता ना तिला? की नुसत्या पाया पडता?" मी त्या बाईला म्हटलं, दहावा होऊ द्या, मी स्वतः घेऊन येते.

कमलअक्का माझी नणंद. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तिने उभी हयात सिस्टर म्हणून काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. रिटायर होताना बरोबरच्या सिस्टरांनी विचारलं, निरोपाला काय देऊ, साडी की घड्याळ? हिने हवेची गादी मागितली! नळ्यानळ्यांची, कॉटला छोटा पंप अडकवायची, घूं घूं करणारी. एकदा या नळ्या फुगतात, एकदा त्या, त्यामुळे अंगाचा भार एका जागी राहत नाही. ती गादी घेऊन बाईसाहेब अमळनेरला आमच्याकडे राहायला आल्या. मी मनात म्हटलं, झालं, नणंद आली ती आली, वर दवाखानाही घेऊन आली. पण गादी आमच्या घरात राहिलीच किती? आज भडगाव, उद्या गल्लीतलंच कुणी. लेकुरवाळ्या बाईने पोरी सासरी पाठवाव्या तशी अक्का ती पाठवायची आणि मागोमाग स्वतः बघायला जायची.

वॉर्डातल्या गोष्टी ती जेवताना सांगायची, आणि मी जेवण झाल्यावर सांग म्हणून हात जोडायचे. जागा रिकाम्या, भरती नाही, दोन हॉलना मिळून एक सिस्टर. इंजेक्शनं आणि सलाईन बदलण्यातच पाळी संपायची. पडून असलेल्या माणसाची पाठ कधी लाल झाली आणि कधी फुटली, हे बघायला हात कुठून आणायचे? मग तिने नातेवाइकांनाच कामाला लावलं. खाटेशी बसून असलेल्या बाईला म्हणायची, "भाकर उलटता येते ना? मग माणूसही येतो. चल ऊठ." कुणी बाई घाबरली की तिच्या हातावर हात ठेवून पहिल्यांदा स्वतः वळवून दाखवायची. बोलणं तिखट, हात मात्र लोण्याचा.

तो हात मी पहिल्यांदा पाहिला तो आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात. तेव्हा ती नोकरीत होती. आबांना अर्धांगवायू झाला आणि ती रजा काढून आली. वळवायचं कसं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी कशा ठेवायच्या, सगळं आम्हाला शिकवून परत गेली. पुढे एक दिवस जिजींना, माझ्या सासूबाईंना, आबांच्या माकडहाडापाशी लाली दिसली. त्या माउलीने काय करावं? आपलं जुनं मऊ लुगडं घेतलं, त्याची छान गोल चुंबळ वळली आणि आबांच्या कमरेखाली सरकवली. दुखरी जागा मधल्या पोकळीत राहील, टेकणार नाही, असा हिशेब. आयुष्यभर डोक्यावर पाणी वाहिलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मलाही ते पटलं होतं. रविवारी अक्का आली, आबांना कुशीवर घेतलं, आणि बघते तो लाली कमी व्हायच्या ऐवजी भोवती चुंबळीएवढं लाल कडं उठलेलं. अक्काने त्यावर बोट दाबून उचललं. रंग जागचा हलला नाही. दाबूनही पांढरी न पडणारी कातडी म्हणजे पाठ फुटायची पहिली खूण.

जिजी म्हणाल्या, "डोकावर हंडा धरस ती. आंगले काय व्हई?"

मला वाटलं, आता जिजींची काही धडगत नाही. पण अक्का त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "जिजी, नदीवरून येताना चुंबळीखाली डोकं बधिर व्हायचं ना तुझं?" जिजींनी मान हलवली. "तू घरी येऊन हंडा उतरवायचीस. आबांना उतरवता येत नाही." जिजींनी पदर तोंडाला लावला. अक्काने ती चुंबळ फेकली नाही. उलगडली, लुगड्याची घडी करून आबांच्या अंगाखाली आडवी घातली आणि दोन टोकं आमच्या दोघींच्या हातात दिली. म्हणाली, आता यानेच उचलून वळवा, ओढू नका, ओढलं की कातडी सोलते. लाल कडं हळूहळू विरलं. आबा त्यानंतर बरेच महिने जगले, आणि जिजी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायच्या, मनं लुगडं कामाले उनं.

गेल्या उन्हाळ्यात अक्का स्वतः पडली. मेंदूत रक्तस्राव. जळगावच्या दवाखान्यात होतो तेव्हा तिथेही तीच तऱ्हा, सिस्टर बिचारी धावून धावून अर्धी झालेली. जीभ जड झाली होती तरी अक्का तिच्यावरच खूश, मला म्हणाली, "तिला हाका मारू नको. तू शीक." घरी आणल्यावर गादी भडगावहून परत मागवली आणि पहिल्यांदाच ती तिच्या मालकिणीखाली अंथरली. तेव्हा माझा हात धरून ती तुटक तुटक बोलली, "वहिनी, जायचं तर आहेच... पण पाठ फुटू देऊ नको. लोकांच्या पाठी राखल्या मी." एवढं एकच मागणं तिने माझ्याकडे केलं असेल.

मग तेच माझं व्रत झालं. लाइट गेली की पंप बंद आणि गादी बसायला लागायची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाइट जाते ती काय सांगून जाते? मी आणि शेजारच्या सिंधूमावशी तेच लुगडं धरून तिला वळवायचो. लाइट असली तरी वळवायचो, कारण अक्का डोळे वटारायची, "गादी कुशीवर वळवत नाही." आणि दर वेळी फर्मान, "हात घाल." म्हणजे कमरेच्या खाली, कॉटच्या फळीच्या आणि गादीच्या मध्ये, उताणा तळवा सरकवायचा. वर नुसती हवा लागली तर ठीक. हाड हाताला लागलं तर गादी असून नसल्यासारखी. मी हात घालायचे आणि म्हणायचे, हवा आहे. ती डोळे मिटायची.

ती गेली त्या सकाळी शेवटची आंघोळ घालायला बायका जमल्या. सिंधूमावशींनी तिला कुशीवर केलं आणि हात थांबवून म्हणाल्या, "कमलनी पाठ देखा वं माय... एक डाग नही." सगळ्या वाकून बघू लागल्या. मला ते धावत जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि मग कळलं की जिला सांगायचं तीच समोर पाटावर आहे. तेव्हा मी रडले. तोवर रडले नव्हते.

दहाव्यानंतर गादी यावलला पोचती केली. त्या घरच्या सुनेने मायेने वर जाड गोधडी दुमडून घातली होती, म्हातारीला प्लॅस्टिक टोचेल म्हणून. जाड थरातून हवेची उचल अंगाला पोचत नाही म्हणून मी ती काढायला लावली, पातळ चादर घातली, आणि सुनेचा हात धरून गादीखाली सरकवला. "लागतं काही?" "नही, हवाच शे." म्हटलं, दर वेळी असंच बघायचं.

अक्काच्या खोलीत आता नुसती लाकडी कॉट आहे, पायथ्याशी घडी केलेलं ते लुगडं. दुपारचा चहा ठेवायच्या आधी तिला वळवायची वेळ असायची. अजूनही त्या वेळी माझे पाय तिकडे वळतात. मी वाकते, सवयीने हात घालते. हाताला फळी लागते.