गॅलरीतलं अंडं ओट्यावर आलं, त्याची गोष्ट

आमच्या बिबवेवाडीच्या घरात अंड्याला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. ते गॅलरीत शिजायचं, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या तव्यात, आणि शिजवायचो मी. एका हातानं अंडं फोडता येतं, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला आचारी समजत असे. आईनं जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं. माझं झालं की ती येऊन नळ सोडायची. "साबणानं धू. नळाला हात लावू नकोस." तिच्या सोवळ्याला मी हसायचो.

मग वडिलांची किमो सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, रोज अंडी द्या, पण पूर्ण शिजलेली. कच्चट अंड्यातून जंतू पोटात गेले तर या दिवसांत जिवावर बेतेल.

वडिलांना हाफ फ्राय प्रिय. तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला गॅलरीत गाठलं. "अरे, पिवळं जरा वाहतं ठेव. तेवढीच तोंडाला चव."

कित्येक दिवसांत त्यांनी खायला काही मागितलं नव्हतं. मी विरघळलो. अंडं फोडलं, चिकट बोटं लेंग्याला पुसली आणि त्याच हातानं वाटीतली कोथिंबीर वर भुरभुरवली.

"थांब!" आई दारात उभी होती. "पिवळं हलतंय."

"अगं, त्यांनीच सांगितलं..."

"उद्या सिगारेट मागतील. देशील?" मग वडिलांकडे वळून, "आणि अहो, तुम्हाला बरं व्हायचंय ना?"

वडील एकदम गरीब झाले.

तिनं ते अंडं टाकलं, वाटीतली उरलेली कोथिंबीरही टाकली. तवा घासला आणि थेट ओट्यावर, स्वतःच्या गॅसवर ठेवला. बांगड्या वर सारल्या. आणि अंडं हातात घेतलं.

पासष्ट वर्षांचं न शिवणं तिनं एका टिचकीत फोडलं. वासानं तोंड फिरवलं, पण हात थांबला नाही. उलथन्यानं पिवळं दाबून पाहिलं, उलटवलं, पुन्हा दाबलं. मग मला म्हणाली, "नळ सोड." बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं; ती धूतच होती. ते हात मी जन्मभर पाहत आलो होतो, पण खरं तर त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले.

वडिलांनी घास घेतला. "रबर आहे."

"चावा."

त्यांनी सगळं संपवलं. किमो संपेपर्यंत रोज तेच रबर खाल्लं, आणि पोटाचं दुखणं एकदाही उपटलं नाही.

अंडं ओट्यावरच राहिलं. मला बढती मिळाली, नळ सोडायची. त्याआधी माझे हात तपासले जायचे.