पुढचा दोर

बोटीत चढताना कुणी मदतीला हात पुढे केला, की काकू त्या हातात आपली पिशवी द्यायच्या. "आलाच आहेस तर ही धर," म्हणायच्या आणि गुडघा दाबत स्वतःच चढायच्या. हात देणारा पिशवी घेऊन काठावर उभा. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील.

लंडनजवळ स्लाऊच्या वेअरहाउसमध्ये त्या माझ्या सुपरवायझर. मी नववीतून शाळा सोडलेली, नवऱ्यामागून इथे आलेली. इंग्रजीत कुणी नाव विचारलं तरी मला घाम फुटायचा. काकूंनी मला पॅकिंगला उभं केलं. "पट्टा आवळायला बोलावं लागत नाही. बोलायला मी आहे." त्यांच्यामुळे मी इथे टिकले.

रिटायर झाल्यावर त्यांनी थेम्सवर एक जुनी, लहानशी बोट घेतली. पुढे खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगा बोट विकायच्या मागे लागला. भांडून भांडून ठरलं, त्याच्या डोळ्यांसमोर तीन लॉक नीट पार केली तरच बोट राहील. दुसरा दोर धरायला काकूंनी मला बोलावलं. मुलगा काठाकाठाने चालत निघाला.

लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. बोट आत घेऊन मागचं दार लावतात, पाणी सोडतात, आणि पाण्याबरोबर बोट खाली उतरते. तोवर दोर काठावरच्या खुंटाला नुसता वळसा घालून हातात धरायचा, हळूहळू सोडत राहायचं. "गाठ मारायची नाही हं," काकूंनी तीनदा बजावलं.

पहिलं लॉक पार पडलं. दुसऱ्यात मला सैल दोराचा भरवसा वाटेना. वेअरहाउसची सवय, सैल राहिलं की माल पडला. मी गाठ मारली, चांगली आवळून.

पाणी उतरलं. बोटीची मागची बाजू खाली गेली, पुढची दोराला लटकली. डबे घरंगळले, मी किंचाळले. काकू कशाबशा पुढे आल्या, हातात काकडी चिरायची सुरी. दोर कापला. बोट धप्पकन पाण्यावर आदळली.

"आई, दॅट्स इट! उद्याच विकायची ही बोट," मुलगा वरून ओरडला.

"हिला मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी."

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. पण म्हणाले, "दादा, त्यांनी तीनदा सांगितलं होतं. गाठ मी मारली."

"तुला कुणी विचारलं गं?" काकू माझ्यावर खेकसल्या आणि कापलेला दोर माझ्या हातात कोंबला. "धर. उरलाय तेवढा पुरे."

"आई, सीरियसली? परत तिच्याकडे?"

"मग कुणाकडे? तू तर वर उभा!"

तिसरं लॉक. खुंटाला वळसा घातला. पाणी उतरू लागलं, ओला दोर तळव्यांतून सरकू लागला. मी वीत वीत सोडत राहिले. काकू मागे आपला दोर धरून, चक्क माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"आई, तिच्याकडे बघ ना!"

"तू बघ. मला गरज नाही."

खालचं दार उघडलं आणि आम्ही बाहेर पडलो. मुलाने परत विकायचं नाव काढलं नाही.

काकू जाऊन आता वर्ष होईल. शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत बोट त्यांच्याच नावावर होती, आणि पुढचा दोर माझ्या हातात.