नीलाताईंनी माघार घेतली नव्हती

नीलाताई गेल्याचं मला कळलं ते शारजाहून दुबईला जाताना, गाड्यांच्या रांगेत अडकलेली असताना. फोन त्यांच्या नवऱ्याचा, श्रीधररावांचा होता. "नीला गेली गं," एवढंच म्हणाले... मी कशीबशी गाडी बाजूला घेतली, तोवर आमच्या मंडळाच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा मजकूर येऊन पडलासुद्धा. लाडक्या शिक्षिका, गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेच्या सूत्रधार, आणि मग ते वाक्य: 'टीव्हीवरच्या गाजलेल्या स्पर्धेत ऐनवेळी माघार घ्यावी लागली, तरी त्या खचल्या नाहीत.' डोळ्यांत आलेलं पाणी तिथंच थांबलं. माझं डोकंच फिरलं. कसली माघार? आता काही आठवडे लोटलेत, पण राग उतरलेला नाही, आणि तो उतरायच्या आत मला हे लिहायचंय.

मोठ्या बक्षिसांचे प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम आपल्याकडे नवेनवे आले होते तेव्हाची गोष्ट. भाग घ्यायचा तर एक नंबर फिरवायचा असे, आणि तो लागावा म्हणून अख्खं घर आळीपाळीनं बटणं दाबत बसे. नीलाताई तेव्हा पुण्यात शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचा फोन लागला, निवड झाली, मुंबईचं बोलावणं आलं. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी त्या कार्यक्रमातलाच एक गोडबोल्या तरुण त्यांच्यासोबत चहाला बसला आणि गप्पांच्या ओघात त्यानं एका सामुद्रधुनीचं नाव काढलं. "मॅडम, ये ज़रा याद रखना." ताईंना तेव्हा काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दिव्यांच्या झोतात सगळ्यात मोठ्या बक्षिसाचा प्रश्न आला, तो नेमका त्याच सामुद्रधुनीचा. भूगोलाच्या बाई त्या, उत्तर त्यांना त्या चहाच्या कितीतरी आधीपासून येत होतं! पण त्या माइकमध्ये म्हणाल्या, "ये सवाल मुझे कल बताया गया है. दूसरा पूछिए."

चित्रीकरण थांबलं. दुसरा प्रश्न काही मिळाला नाही. टीव्हीवर लोकांनी पाहिलं ते इतकंच... ताई नकारार्थी मान हलवतात, खुर्चीतून उठतात, टाळ्या वाजतात. त्यांचं बोलणं मधल्यामध्ये कापलेलं. झालं! बाई घाबरली, हातातोंडाशी आलेला घास घालवून बसली, असं सगळ्या गोतावळ्यानं ठरवून टाकलं. ताई काही कुढत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. भेटेल त्याला त्या खरं काय ते ठणकावून सांगत. लोक समोर मान डोलवत आणि पाठ वळली की हसत.

पुढं श्रीधररावांच्या नोकरीपायी त्या शारजातल्या अल नहदा भागात आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या, तर त्यांची कीर्ती त्यांच्या आधीच पोचलेली! आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. "तूही पाहिलास ना तो एपिसोड? मग आता ऐक." माझा मजला आला तरी गोष्ट संपेना, म्हणून त्यांनी दारात पाय घालून लिफ्ट अडवून धरली. इतकं जीव तोडून कुणी खोटं सांगत नाही. मी त्यांच्यावर तेव्हाच विश्वास ठेवला.

गणपतीतली त्यांची प्रश्नमंजूषा जगावेगळी असे. प्रत्येक घरानं आपापला एक प्रश्न श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, आणि खेळताना नेमका आपल्याच घरचा निघाला तर तसं सांगून परत टाकायचा. "आंटी, दॅट्स अवर्स!" असं एखादं पोर ओरडलं की ताईंचा चेहरा बरोबर उत्तरापेक्षाही जास्त खुले. एका बापानं असं सांगू पाहणाऱ्या लेकीचं तोंड दाबलं, तर ताईंनी भर सभागृहात सुनावलं, "खलास! या घराचा खेळ संपला." तो माणूस किती दिवस फुगून बसला होता. ताईंनी दिवाळीत त्याच्याकडे चकल्या पाठवल्या, पण माफी काही मागितली नाही.

शोकसभेआधी आम्ही काहीजण ताईंच्या हॉलमध्ये जमलो. श्रद्धांजलीतलं माघारीचं ते वाक्य काढा, असं मी मंडळाचे सेक्रेटरी पाटीलभाऊ यांना सांगितलं.

"वहिनी, आता कशाला? सगळ्या दुनियेनं एपिसोड बघितलाय. आपल्याकडे प्रूफ काय आहे?"

"ताईंनी सांगितलंय, हेच प्रूफ."

ते हसले. ताईंनी जन्मभर पाहिलं तेच हसू.

तेव्हा कोपऱ्यातून श्रीधरराव बोलले, "मी होतो तिथं. प्रेक्षकांत बसलो होतो. माझ्या कानांनी ऐकलंय." ते सोबतीला मुंबईला गेले होते हे ठाऊक होतं, आत बसले होते हे मलाही माहीत नव्हतं.

"अरे काका, मग आधी नाही का सांगायचं!" पाटीलभाऊंनी लगेच फोन काढला. "यल्ला, चला, आत्ता बदलतो. तुमचं नाव टाकतो, म्हणजे विषयच मिटला."

बाई आयुष्यभर ओरडून सांगत राहिली, आणि नवऱ्याच्या एका वाक्यात विषय मिटला! मी तोंड उघडणार, तोच श्रीधररावांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता.

"थांबा. मी तेव्हाच सगळ्यांना सांगायला निघालो होतो. तिनंच अडवलं. म्हणाली, माझं खरं तुझ्या साक्षीनं खरं ठरणार असेल, तर मला खोटीच राहू दे." ते पाटीलभाऊंकडे वळले. "माझं नाव घालायचं नाही. ती सांगायची तसंच्या तसं लिहा. कोण म्हणतं असं कुणी विचारलं, तर सांगा, नीला म्हणते."

पाटीलभाऊंनी मान खाली घालून टाइप केलं. पाठवण्याआधी त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि ताईंचं माइकमधलं ते वाक्य मध्ये न तोडता सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.