साहेबांनी न वाचलेलं अर्धं पान

साहेबांनी पायातली चप्पल काढून टेबलावर ठेवली. तिचा अंगठा तुटला होता. वर्गात आम्ही तीसेक जण, मास्तर व्हायला आलेले. चांभाराचा मी एकटा, दाराजवळच्या वेगळ्या बाकावर.

"इकडे ये," साहेब म्हणाले. "हे शिवून दाखव."

शिपायानं आरी, दोरा आणि मेणाचा गोळा आणून ठेवला. म्हणजे तयारी आधीच झाली होती. मी गेलो. नाही म्हणता येतं हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. टेबलाशेजारी खाली बसलो, चप्पल मांडीवर घेतली आणि शिवली.

आणि चांगली शिवली. ही माझी चूक. वाकडातिकडा टाका घालता आला असता. दोरा तोडता आला असता. विसरलो म्हणता आलं असतं. पण लहानपणापासून आप्पाच्या शेजारी बसून तयार झालेला हात. आप्पा म्हणजे माझा बाप. निपाणीत त्याच्या हातच्या चपलेला नाव होतं. आमच्यातल्या माणसाला कातडं हातात आलं की वाईट काम जमतच नाही, जीव गेला तरी. टाका सरळ रेषेत आला. साहेबांनी चप्पल पायात घातली, चार पावलं चालून बघितली. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "लोखंड आपल्या जागी किती शोभतं!"

शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उलट शिवी देता येते. टाळ्यांना काय देणार? मी आरी खाली ठेवली आणि दाराजवळ जाऊन बसलो.

हे सगळं बेळगावातलं, मुंबई इलाख्यातलं. राज्य इंग्रजांचं. शहरात मास्तर तयार करणारा एक वर्ग साहेब चालवायचे. त्याचं नाव लिहीत नाही, साहेबांचंही नाही. नाव लिहिलं की भांडण एका माणसापुरतं उरतं. साहेब काही राक्षस नव्हते. मला वर्गात घेतलं ते त्यांनीच, चार लोकांचा विरोध पत्करून. पाहुणे आले की मला उभं करून दाखवायचे. विलायतेला शिकून आलेला माणूस. ग्रीक तत्त्वज्ञानाचं भारी वेड. तिथल्या एका जुन्या ज्ञानी पुरुषाचा विषय निघाला की डोळे मिटून बोलायचे.

तो ज्ञानी म्हणे असं सांगून गेला होता. देवानं माणसं घडवताना कुणात सोनं मिसळलं, कुणात चांदी, कुणात लोखंड. सोन्यानं राज्य करावं, चांदीनं लढावं, लोखंडानं शेती आणि कारागिरी करावी. ज्यानं त्यानं आपापलं काम करावं, यालाच न्याय म्हणतात. साहेब हे फळ्यावर लिहायचे आणि आजकालच्या प्रत्येक दुखण्याला हाच लेप लावायचे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बायकांनी काम बंद ठेवलं? लोखंड जागा सोडतंय. मॅट्रिक झालेली पोरं रिकामी हिंडतात? नको त्यांना शिकवलं.

मला वाटायचं, हे सांगायला ग्रीक कशाला हवा? आप्पा मोठ्या घरी चपलेचं माप घ्यायला जायचा तेव्हा अंगणात राख पसरायचा. मालक राखेवर पाऊल उमटवून आत जायचे. मग आप्पा वाकून काडीनं त्या ठशाचं माप घ्यायचा. पायाला हात लागता कामा नये. चप्पल मात्र आप्पाच्याच हातची चालायची.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. शाळा ज्याच्या ताब्यात होत्या त्या बोर्डाकडे ते एक योजना पाठवणार होते. लोखंडाच्या घरातल्या मुलांना तिसरीपर्यंत अक्षरओळख, त्यानंतर बापाचा धंदा.

"इन्स्पेक्टरसाहेब येणार आहेत," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर तू कातडकामाचा पाठ दे. योजना त्यांना पटली की तुझं सर्टिफिकेट पक्कं. निपाणीच्या शाळेत नेमणूकही करतील."

"आणि चौथी, साहेब?"

"चौथी कशाला? तुम्ही लोकांनी सुखी व्हावं एवढंच मला वाटतं."

हे ते मनापासून म्हणाले. म्हणूनच मी घाबरलो. इकडे आड, तिकडे विहीर. पाठ दिला तर आमच्या गल्लीतली पोरं तिसरीत अडकणार, आणि माझ्याच हातानं. नाही दिला तर मी होतो तिथं परत. आप्पानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, पोरगा मास्तर होतोय म्हणून.

वर्गात सदलग्याचा एक जैन शेतकऱ्याचा मुलगा होता. वयानं मोठा, म्हणून सगळे त्याला आण्णा म्हणायचे. तो माझ्या खोलीवर आला. हातात इंग्रजी पुस्तक होतं. आमच्या वर्गाच्या पुस्तकांच्या कपाटाला मी हात लावायचा नाही असा नियम होता, म्हणून त्यानं स्वतःच्या नावावर काढलेलं.

"मी बी टाळ्या वाजिवल्या रं," तो म्हणाला. "सगळ्यांचं बघून वाजिवल्या. लई वाईट झालं. हे घे. साहेब ह्यातलंच सांगत्यात, पर आर्धंच सांगत्यात. फुडं वाच."

रविवारी कंग्राळीच्या वाटेला एका शेताच्या बांधावर बसून वाचलं. माझं इंग्रजी जेमतेम. शब्दकोश उघडत, एकेका ओळीला घाम फुटत होता. सोनं, चांदी, लोखंड, सगळं तिथं होतं. पण त्याच पानावर खाली आणखी होतं. लोखंडाच्या घरी सोनं जन्माला आलं तर त्याला वर घ्या. सोन्याच्या घरी लोखंड निघालं तर दयामाया न दाखवता खाली आणा. आणि गोष्ट सुरू करण्याआधीच तो ग्रीक कबूल करतो की ही रचलेली थाप आहे. लोकांनी ती खरी मानली की नगर सुरळीत चालेल, एवढ्यासाठी रचलेली.

मी बांधावर बसून मोठ्यानं हसलो. मग रडू आलं. थाप मारणाऱ्यानं थाप म्हणून सांगितली होती, आणि आमच्या साहेबांनी तिची शाळा काढली.

त्या ग्रीकाला मी डोक्यावर घेत नाही. तो काही आमचा मामा नव्हे. त्याच्या गावातही गुलाम होतेच. पण त्याच्या गुरूबद्दल वाचलं ते पटलं. तो बाजारात उभा राहून मोठमोठ्यांना साधे प्रश्न विचारायचा. चांभाराच्या दुकानातही जाऊन बसायचा म्हणे. मी ठरवलं, आपणही विचारायचं.

इन्स्पेक्टर आले. टेबलावर कातडं, आरी, कातडं कापायची रापी मांडलेली. साहेबांनी माझी ओळख करून दिली, कौतुकानं. मी खाली बसलो नाही.

"साहेब, एक विचारू?"

"पाठ झाल्यावर."

"विचारू द्या," इन्स्पेक्टर म्हणाले.

"लोखंडाच्या घरी सोनं जन्मलं तर वर घ्यावं, असं त्याच पानावर आहे. ते आम्हाला का नाही सांगितलं?"

साहेबांनी आरी माझ्याकडे सरकवली.

"सोन्याच्या घरी लोखंड निघालं तर खाली आणावं, असंही आहे. आजवर कुणाला आणलं?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबलो नाही. "माणूस कुठल्या धातूचा हे तिसरीत कळत असेल, तर सगळ्यांचीच परीक्षा तिसरीत घ्या. आमचीच का?"

"आरी उचल," साहेब म्हणाले.

"उचलत नाही."

चमत्कार काही झाला नाही. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं, वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि दोघं चहाला गेले. संध्याकाळी शिपायानं निरोप आणला, खोली रिकामी कर. सर्टिफिकेट मिळालं नाही. आण्णा मोटारीपर्यंत माझी वळकटी घेऊन आला.

घरी आप्पा तोंड फिरवून बसला.

"येकदा आरी उचलली असतीस तर हात झडला असता व्हय रं?"

"चौथी बंद करत्यात, आप्पा. आपल्या पोरांची."

"मला तर पैलीत बी घेतलं न्हाय."

"म्हणूनच न्हाय उचलली."

"तरी बी उचलायची हुतीस," आप्पा म्हणाला. या बाबतीत मरेपर्यंत त्याचं मत बदललं नाही.

योजना मंजूर झाली. आमच्या पोरांची नावं तिसरीनंतर हजेरीतून जातात. मी दिवसा चपला शिवतो, दिवेलागणीआधी गल्लीतल्या नऊ पोरांना चौथीचं शिकवतो. त्यातली माझ्या बहिणीची मुलगी अपूर्णांक माझ्यापेक्षा लवकर सोडवते. तिला घेऊन शाळेत गेलो.

"चौथीत जागा नाही," हेडमास्तर म्हणाले.

"तीन बाक रिकामे दिसतात."

"ते रिकामेच असतात."

सोमवारी ती नऊ पोरं आणि मी, आम्ही दहा जण त्या तीन बाकांवर बसणार आहोत. हाकलतील. मंगळवारी पुन्हा बसू. मारतील, तर मार खाऊन बुधवारी बसू. आमची पोरं चौथीत बसली नाहीत तर या शाळेत चौथी कुणाचीच भरणार नाही.