जांभळाच्या बियांचा अर्क

संध्याकाळी प्रयोगशाळेतून घरी आले तेव्हा आई खिडकीपाशी बसून साखर तपासत होती. बोटातून रक्ताचा थेंब लवकर येईना, म्हणून संपत आलेली टूथपेस्टची ट्यूब दाबावी तसं ती बोट मुळापासून दाबत होती. मी चपला न काढताच बघत उभी राहिले.

मधुमेहावर औषध होईल का, हे पाहायला आम्ही जांभळाच्या बियांचा अर्क काढला होता. परीक्षानळीत त्यानं छान काम केलं. पण अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांच्या साखरेत आज काहीच फरक निघाला नाही.

"काय झालं गं तुझ्या औषधाचं?" आईनं विचारलं.

"नाही लागू पडलं."

"मग आता?"

"आता दुसरं झाड."

तिनं अखेर आलेला थेंब पट्टीला लावला. मला वाटलं, झाडाला काय पडलंय आपल्या साखरेचं? ते बी धरतं ते स्वतःसाठी. तरी कधीतरी एखादं झाड काही देऊन जातं, म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या पानं चुरडत, साली उगाळत आली. बहुतेकांच्या हाती काही लागलं नसेल. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट बघत असेल.

आईची साखर चढलेलीच होती. तिनं इन्सुलिन टोचून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता मला लगेच जेवायला हवं. ये, बस माझ्याबरोबर."

माझी भूक मेली होती. तरी मी हात धुतले आणि तिच्या शेजारी बसले.