भुशाच्या तोंडाशी

कौसाबाई ओसरीवर सूप घेऊन डाळ निवडत बसलेली आहे. ताप उतरलाय, पण अंगात त्राण नाही, म्हणून आज ती मळणीला गेली नाही. तिच्या जागी धाकटी रोहिणी गेली. दुपारची झोप मेली चोरासारखी येते. डाळ सुपातच राहते, मान भिंतीला टेकते, आणि पाहते तर शेजारी थोरली बसलेली. प्रणिता. गेल्या सोयाबीनच्या सुगीत दम कोंडून गेलेली, विशीसुद्धा न गाठलेली पोर.

"माय, सरक की जरा. मला उन्हात बसवलंस."

कौसाबाई सरकते. मेलेल्या लेकीला जागा करून देताना तिला काही वावगं वाटत नाही.

"जेवलीस का गं?"

"तिकडं कुठं भूक लागते!"

ओसरी नाहीच ही, सरकारी दवाखान्याचं बाकडं आहे. बाकड्यावर दोघीच. नर्सबाईंच्या खुर्चीत सोयाबीनचं पोतं बसलंय.

"छाती कशी आहे आता?"

"आता कसली छाती, माय?" प्रणिता हसते, आणि हसता हसता तिच्या छातीतून शीळ वाजते. मेल्यावरही हे दुखणं पोरीची पाठ सोडत नाही, काय म्हणावं त्या देवाला!

पायाखाली ढेकळं लागतात. समोर मळणी यंत्र फिरतंय, पण आवाज नाही.

"भुशाच्या तोंडाशी कोण उभं आहे, माय?"

यंत्र जिथून भुसा ओकतं, तिथं उभं राहून तो ओढून बाजूला करायचा, हे काम टोळीत कायम सगळ्यांत धाकटीच्या गळ्यात पडतं. आधी ते प्रणिताच्या गळ्यात होतं.

"रोहिणी," कौसाबाई सांगते. "पण तू काळजी करू नको. तिलाही तुझ्यासारखाच दम लागतोय, म्हणून तुझाच दम्याचा पंप दिलाय तिला. जिवापाड जपून ठेवला होता बघ. सकाळी दाबून बघितला, अजून फुसफुस करतोय."

प्रणिता म्हणते, "त्या दिवशी माझ्या हातातही करत होता."

"मग?"

"औषध संपलं तरी वाजतो गं तो. नुसता वारा येतो. मी आपली ओढत राहिले, ओढत राहिले..."

प्रणिता थकून आईच्या खांद्यावर डोकं टेकते. जड, घामेजलेलं डोकं, अगदी जित्या माणसाचं.

"तिला घरी बोलव ना, माय."

कौसाबाई दचकून जागी होते. सूप कलंडतं, डाळ ओसरीभर. ती मुकादमाला फोन लावते. वाजतो, वाजतो, आणि तुटतो. परत लावते. मळणीच्या धडधडाटात तो कुणाच्या कानी जाणार? शेत दोन गावं पलीकडं, टोळीला घेऊन टेम्पो सकाळीच गेलेला.

फोन कानाला धरून ती अनवाणीच रस्त्याला लागते. शेजारची गयाबाई दारातून ओरडते, "अगं कौसे, आजारी माणूस तू, कुठं पळत सुटलीस? आणि आज तर मळणीला गेली नव्हतीस ना? मग खांद्यावर हा भुसा कसला?"

कौसाबाई खांदा चाचपते. पदर घामानं ओला आहे, आणि त्याला सोयाबीनचा बारीक भुसा चिकटलाय. कानाशी फोन वाजतोच आहे. कुणी उचलत नाही.